वाचनालयात ज्येष्ठांसाठी मोबाइलचा वर्ग: सुरुवात कशाने करावी, फोनमध्ये काय बदलून द्यावं?

वाचनालय_चिटणीस

तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे. साठीच्या पुढचे वाचक आणि बचत गटांतल्या बायका मिळून साधारण २५ जणांसाठी चार शनिवार, दर वेळी दोन तास, असा मोबाइलचा वर्ग ठरतोय. सगळ्यांकडे अँड्रॉइडच. बरेचसे सात ते बारा हजारांतले, काही मुलांनी वापरून झाल्यावर दिलेले.

अशा विषयावर व्याख्यानं होतात, पण त्यात फसवणुकीचे पंधरा प्रकार ऐकून माणसं घरी जातात आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडायलाही बिचकतात. आम्हाला उलट हवं आहे. वापर वाढावा, पण पेन्शनला धक्का लागू नये. तर पहिल्या दिवशी काय घ्यावं, सेटिंग्जमध्ये नेमकं काय बदलावं, आणि यूपीआय शिकवावं की टाळावं?

---

खटपट्या

पहिल्या दिवशी फसवणूक हा शब्दही काढू नका. पहिला दिवस बोटांचा आणि डोळ्यांचा. "मला जमत नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं डोकं ठीक असतं, फोनच त्यांच्या हाताला बसत नसतो.

वयस्कर माणूस बटण दाबावं तसा पडदा दाबून धरतो. फोनला ते 'लाँग प्रेस' वाटतं. मग चिन्हं हलतात, पुसली जातात, नको तो मेनू उघडतो आणि आजोबा म्हणतात फोन बिघडला. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग' करा. सॅमसंगमध्ये हेच 'इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी'च्या आत आहे. त्यानंतर होम स्क्रीन रिकाम्या जागी दाबून धरली की तिच्या सेटिंग्जमध्ये मांडणीला कुलूप लावायची सोय बहुतेक फोनमध्ये निघते, ती चालू करा.

पडदा विझायची वेळ मुळात ३० सेकंदांची असते. वाचता वाचता अंधार होतो, पुन्हा पॅटर्न काढावा लागतो. २ मिनिटं करा. कडेवरून बोट ओढून मागे जायची पद्धत बंद करून खाली तीन बटणं आणा, म्हणजे 'मागे' कुठे आहे ते दिसतं. ऑटो-रोटेट बंद. अक्षराचा आकार एकदम टोकाला नेऊ नका. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये मग 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली जातं आणि सापडत नाही. टोकापासून एक पायरी मागे बरी. बोटं कोरडी असतील तर स्पर्श लागत नाही. ओल्या रुमालाला बोट पुसून घ्यायला सांगा आणि जाड, उचललेला स्क्रीनगार्ड काढून टाका.

फोन मराठीत करायचा का हे त्यांनाच ठरवू द्या. मराठी मेनू वाचायला सोपा असतो, पण फोनवरून मदत करणारा नातू "सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघड" म्हणतो आणि आजीला तिथे 'संचयन' दिसतं. घरात मदत कोण करतं त्याच्या भाषेत फोन ठेवावा. लिहिण्याची भाषा मात्र मराठी हवीच. जीबोर्डमध्ये मराठी घेतली की माइकच्या चिन्हावर बोलून लिहिता येतं. पहिल्या दिवशी एवढं जमलं आणि प्रत्येकाने एक निरोप बोलून पाठवला, तरी दिवस सत्कारणी.

एक नियम तुमच्या स्वयंसेवकांसाठी: शिकणाऱ्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. बोटाने दाखवा, तोंडाने सांगा, दाबू त्यांनाच द्या.

---

पासबुक

यूपीआय शिकवा. टाळलंत तर कोणीतरी दुसरा शिकवेल, तोही पेन्शनच्या खात्यावर.

पैशाचं कुंपण आधी घालायचं, मग माणसाला मोकळं सोडायचं. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडायचं नाही. वेगळं बचत खातं, शक्यतो दुसऱ्या बँकेत, त्यात ३ ते ५ हजार, आणि फोनमधलं यूपीआय फक्त त्याला. संपले की पासबुक घेऊन शाखेत जाऊन भरायचे. चूक झालीच तर किराण्याचे पैसे जातील, आयुष्याची पुंजी जाणार नाही. हे कळलेला माणूस क्यूआर कोडला घाबरत नाही, हा खरा फायदा.

यात दोन ठिकाणी गफलत होते. पहिली मुदत ठेवींची. "बचतीत आहेत किती, ठेवीत आहेत" असं म्हणून माणसं निर्धास्त असतात. पण ज्या फोनमध्ये बँकेचं स्वतःचं अ‍ॅप किंवा नेट बँकिंग चालू आहे, त्यावरून बऱ्याच बँकांत ठेव घरबसल्या मोडता येते. खात्याला 'स्वीप' लावलेला असेल तर वेगळी मोडावीही लागत नाही, शिल्लक कमी पडली की ठेवीतून आपोआप पैसे येतात. म्हणून ज्यांना गरज नाही त्यांनी पेन्शनच्या खात्याचं मोबाइल बँकिंग शाखेत अर्ज देऊन बंद करावं. दुसरी डेबिट कार्डाची. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार वेगवेगळे बंद करता येतात, ही सोय २०२० पासून आहे. एटीएम तेवढं चालू ठेवा.

वर्गात शेजारी शेजारी बसून एकमेकांना १ रुपया पाठवायला लावा. पाठवताना पिन टाकावा लागतो आणि समोरच्याला काहीच करावं लागत नाही, हे डोळ्यांनी दिसतं. "पैसे घ्यायला पिन लागत नाही" हे दहा वेळा सांगण्यापेक्षा हे बरं. पिन लागतो तो पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला. ओळखीच्या माणसाने यूपीआयवर पैसे 'मागायची' जी विनंती यायची, ती व्यक्ती-व्यक्तींमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. दुकानदार आणि कंपन्यांची मागणी अजून येते, तेव्हा पडद्यावर 'पे' दिसलं तर पैसे जाणार, येणार नाहीत.

मुलगा पुण्यात किंवा परदेशात असेल आणि त्याचं भारतातलं खातं यूपीआयला जोडलेलं असेल, तर 'यूपीआय सर्कल' बघा. पैसे मुलाच्या खात्यातून जातात, क्यूआर वडील स्कॅन करतात. दोन पद्धती आहेत. एकात प्रत्येक व्यवहाराला मुलाने पिन टाकायचा. ऐकायला छान वाटतं, पण मुलगा अमेरिकेत असेल तर आपल्या सकाळी तिकडे रात्र, आणि भाजीवाला ताटकळत उभा. दुसऱ्या पद्धतीत आधीच मर्यादा ठरवून देता येते: महिन्याला कमाल १५ हजार, एका वेळी ५ हजार. तुमच्या लोकांना ही दुसरी सोयीची. सगळ्या अ‍ॅपमध्ये दोन्ही मिळतातच असं नाही, भीममध्ये आधी पाहा.

---

खटपट्या

वरचं कुंपण सगळ्यात महत्त्वाचं, मान्य. आता फोनचं कुंपण. दुसऱ्या शनिवारी दर माणशी १५ ते २० मिनिटं लागतील. २५ जण आणि दोन स्वयंसेवक असतील तर जमणार नाही. कॉलेजची सात-आठ मुलं धरून आणा.

सगळ्यात आधी गुगल खातं. सेटिंग्जमध्ये 'गुगल' उघडून वर कोणता ईमेल दिसतो ते बघा. मोबाइलच्या दुकानदाराने फोन चालू करून देताना मनाला येईल ते नाव टाकून खातं उघडलेलं असतं, पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. फोन रिसेट करावा लागला की तो नेमकं तेच खातं मागतो आणि अडतो. खात्याला आताचा नंबर 'रिकव्हरी फोन' म्हणून जोडा, पासवर्ड नवा करा आणि घरच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. हो, वहीत. घरातल्या कपाटातली वही बंगालच्या उपसागरापलीकडून कोणी चोरत नाही. बँकेचे आणि यूपीआयचे पिन मात्र तिच्यात नकोत.

मग एपीके. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसान, बँकेचं केवायसी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी फाइल ही चित्र किंवा पीडीएफ नसते, ते अख्खं अ‍ॅप असतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ओटीपी परस्पर पुढे जातात. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, 'स्पेशल अ‍ॅक्सेस', 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' इथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल्सच्या अ‍ॅपसमोरची परवानगी बंद करा. मुळात ती बंदच असते, पण कोणीतरी कधीतरी क्रिकेटचा सामना फुकट बघायला चालू केलेली असते. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर फोटोवर दाबून 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे ना तेही बघून घ्या.

क्रोमच्या नोटिफिकेशन राहून जातात, आणि घबराट खरी तिथून येते. कुठल्यातरी राशिभविष्याच्या साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं. मग दिवसातून वीस वेळा "तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस" असं येतं. फोनमध्ये व्हायरस नसतो, ती जाहिरात असते. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट एकेक करून काढा आणि वरचा मुख्य खटका बंद करा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चार गोष्टी: टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ अंकी पिन (ईमेलसकट, नाहीतर पिन विसरला की वांधे), प्रायव्हसीत ग्रुपला 'माय कॉन्टॅक्ट्स', 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू, आणि 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी संगणक जोडलेला नाही ना. मीडिया ऑटो-डाउनलोडही बंद करा. सुप्रभातच्या चित्रांनी ३२ जीबी भरतात, मग अपडेट होत नाहीत, मग बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. कुरिअरवाल्याने किंवा रिक्षावाल्याने व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला तर 'सायलेन्स'मुळे वाजणार नाही, पण यादीत दिसेल. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत कोणीतरी खटका परत फिरवेल.

जमलं तर प्रायव्हेट डीएनएस. नेटवर्क सेटिंग्जमध्ये इंग्रजीत 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम' असा पत्ता टाकला की साइटवरच्या आणि काही फुकट अ‍ॅपमधल्या बऱ्याच जाहिराती गायब होतात, त्यांच्यासोबत ती मोठी हिरवी खोटी 'डाउनलोड' बटणंही. यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत. कधी रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायचं लॉगिनचं पान उघडत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करावं लागतं. घरात हे जाणणारं कोणी असेल तरच लावा.

---

रानजाई

बचत गटांच्या बायकांबाबत एक वेगळी गोष्ट. फोन एक, वापरणारे चार, असं खूप घरांत असतं. दिवसभर मुलाच्या हातात गेम, रात्री नवऱ्याच्या हातात. तिथे टू-स्टेप पिन, पडद्याचं कुलूप हे सगळं घरच्यांसमोर "काय लपवतेस?" असं होतं. म्हणून यूपीआय अ‍ॅपला स्वतःचं वेगळं कुलूप आणि पिन फक्त तिलाच, एवढं धरून ठेवा, बाकीचं घराप्रमाणे. आणि वर्गाची वेळ तिला विचारून ठरवा. शनिवारी आठवडे बाजार असेल तर कोणी येणार नाही.

लिंक ओळखायला शिकवताना लोक "स्पेलिंग नीट बघा" म्हणतात. ज्यांना इंग्रजी अक्षरं जेमतेम येतात त्यांना ते कसं जमणार? ज्यांना येतात त्यांना एकच युक्ती: पत्त्यातल्या दोन तिरक्या रेघांच्या पुढे जायचं, नंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिच्या लगेच मागे काय आहे ते वाचायचं. राज्य सरकारच्या बहुतेक साइटना तिथे 'डॉट गव्ह डॉट इन' असतं, बऱ्याचदा 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. टिंबांच्या जागी आडव्या छोट्या रेघा असतील तर तो पत्ता कोणीही शे-पाचशे रुपयांत विकत घेतलेला. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी अशा नकली साइट निघाल्याच होत्या. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर यायला सांगितलं होतं, तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांना पत्ता वाचायलाच लावू नका. तुम्ही खरी साइट क्रोममध्ये उघडा, तीन टिंबं, 'अ‍ॅड टू होम स्क्रीन'. पडद्यावर चिन्ह येतं. योजनेचं काम याच चिन्हावरून, आलेल्या लिंकवरून कधीच नाही. पाच-सहा चिन्हं पुरतात: योजना, महावितरण, रेल्वे, आधार, एसटीचं आरक्षण.

भीती न घालता सावध करायचं तर कागदावर करा. दहा संदेश छापून आणा, सहा खरे, चार खोटे. खरे जास्त ठेवा, नाहीतर माणसं सगळ्यालाच खोटं म्हणायला शिकतात आणि बँकेचा खरा निरोपही पुसतात. "बिल भरलं नाही, आज रात्री ९.३० ला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा" हा हमखास घ्या. तो दहा अंकी साध्या मोबाइल नंबरवरून येतो. कंपनीचा किंवा सरकारचा एसएमएस नावाने येतो आणि २०२५ पासून नावाच्या शेवटी एक अक्षर असतं: सेवेचा असेल तर 'एस', व्यवहाराचा 'टी', सरकारी 'जी', जाहिरात 'पी'. अक्षर दिसलं म्हणजे सगळं खरंच असं नाही, पण दहा अंकी नंबरवरून वीजमंडळ बोलत नाही. शंका आली तर विजेच्या तक्रारींच्या १९१२ या नंबरवर आपण फोन करायचा.

'डिजिटल अरेस्ट'वर, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर धमकावण्याच्या प्रकारावर, फार वेळ घालवू नका, एकच वाक्य: कायद्यात अशी अटकच नाही, म्हणून व्हिडिओ कॉल कट करणं हा गुन्हा नाही. मग प्रत्येकाला खरंच एक व्हिडिओ कॉल कट करायला लावा. समोरचा साहेब बोलत असताना फोन ठेवणं हे आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं, तो संकोच मोडायला हवा.

---

वाचनालय_चिटणीस

खूप उपयोगी. दोन शंका. आधारचे ठसे लॉक करायला लावावेत का? आणि वर्गात कोणी म्हणालं की "मी अशी फाइल कालच उघडली", तर तिथल्या तिथे काय करायचं?

---

तक्रार_अर्ज

आधी दुसरं, कारण तिथे मिनिटं मोजायची असतात.

फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद. अ‍ॅप शोधत बसू नका, आधी त्याचा बाहेरचा रस्ता तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या कार्डामागच्या किंवा पासबुकवरच्या नंबरला फोन करून यूपीआय, कार्ड, मोबाइल बँकिंग थांबवा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधू नका, तिथेही भामटे नंबर टाकून बसलेले असतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हाताशी काय लागेल: बँक आणि खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, यूपीआयचा १२ अंकी असतो. तक्रार क्रमांक मिळाला की 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर तीच तक्रार पूर्ण करायची. १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखून धरायला सांगितलं जातं. भामटे ते पुढच्या खात्यांत फिरवून एटीएममधून काढतात, म्हणून सगळी घाई. घरच्यांना विचारून, सोमवारी शाखेत जाऊन, असं केलं की खातं रिकामं झालेलं असतं.

नंतर फोन. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स उघडून नवीन काय आहे ते बघा. काही वेळा नाव किंवा चिन्हच नसतं. 'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल तर 'डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स'मध्ये त्याची खूण काढा, मग निघतं. कॉल फॉरवर्डिंग चालू करून ठेवलं आहे का तेही फोनच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये पाहा. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी (अ‍ॅपला पडदा वाचायची आणि परस्पर बटणं दाबायची मुभा) दिली गेली असेल तर भरवसा ठेवू नका, फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन सरळ फॅक्टरी रिसेट. पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून किंवा एटीएमवर, त्याच फोनवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून ती फाइल त्यांच्या सगळ्या ग्रुपमध्ये गेलेली असू शकते, तसा निरोप टाकायला लावा.

बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसरीकडूनच गडबड झाली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांना हे लागू नाही.

पैसे गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी "तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही त्याच धंद्यातला.

आता आधार. ठसे लॉक करणं चांगलं, कारण दस्तांवरच्या अंगठ्यांवरून नकली ठसे करून आधारवरून पैसे काढण्याचे प्रकार झाले आहेत, आणि त्यात ओटीपी येत नाही. पण सरसकट करू नका. लॉक केल्यावर रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही, ३३० क्रमांकाची चूक दाखवते आणि दुकानदार सांगतो "तुमचं आधार बंद पडलं". नोव्हेंबरात हयातीचा डिजिटल दाखलाही तसाच अडतो. तात्पुरतं उघडता येतं, पण ते १० मिनिटांत पुन्हा बंद होतं, आणि उघडायला आधारला जोडलेला नंबर चालू हवा. तेव्हा रेशन अंगठ्यावर घेणाऱ्यांचं लॉक करू नका. पेन्शनर, ज्यांना वर्षातून एकदाच ठसा लागतो आणि ज्यांच्या घरी उघडून देणारं कोणी आहे, त्यांचं करा.

---

पासबुक

वर एक राहिलं. वेगळं खातं उघडताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारा. ३ हजार टाकायचे आणि दंडात निम्मे कापले जायचे, असं नको. शून्य शिल्लक चालणारं मूळ बचत खातं घ्यायचं तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणूनही वेगळी बँक.

---

खटपट्या

आणि वर्गात तीन-चार एक्स्टेंशन बोर्ड आणा. मुलांनी वापरून दिलेले फोन तासाभरात १५ टक्क्यांवर येतात.